त्वचेच्या अर्बुदांमधील प्रतिरक्षा-चिन्हके

त्वचेच्या अर्बुदांमधील प्रतिरक्षा-चिन्हके म्हणजे त्वचेवरील गाठ, तीळ किंवा डाग सौम्य आहे की कर्करोगाचा, हे ठरविण्यास मदत व्हावी म्हणून प्रतिपिंडांच्या साहाय्याने ऊतकात शोधली जाणारी प्रथिने होत. या तपासणीस प्रतिरक्षा-ऊतकरसायन असे म्हणतात. रुग्णालयांत व प्रयोगशाळांत ती इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा आयएचसी या नावाने परिचित आहे. येथे 'प्रतिरक्षा' हा शब्द तपासणीचे साधन दर्शवितो. एखादे प्रतिपिंड ठरावीक प्रतिजनालाच चिकटते, या गुणधर्माचा उपयोग करून पेशीत ते प्रतिजन आहे किंवा नाही हे पाहिले जाते.

त्वचेच्या बहुसंख्य गाठींचे निदान नेहमीच्या रंजनाने, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांनी रंगविलेल्या काचपट्टीवरूनच होते. प्रतिरक्षा-चिन्हकांची गरज संशयास्पद गाठींसाठी भासते. एकटे कोणतेही चिन्हक सौम्य आणि मारक अर्बुद यांत निर्णायक भेद करू शकत नाही. गाठीची रचना, रुग्णाचे वय, शरीरावरील जागा आणि दोन किंवा अधिक चिन्हकांचे आकृतिबंध यांचा एकत्रित विचार करूनच निदान केले जाते.

== पार्श्वभूमी ==

त्वचेतील जवळजवळ प्रत्येक मारक अर्बुदाला त्याच्यासारखे दिसणारे एखादे सौम्य अर्बुद असते. रंजकपेशींपासून, म्हणजे मेलॅनोसाइटपासून, साधा तीळ होतो आणि मेलॅनोमा हा कर्करोगही होतो. आधारपेशी कर्करोगासारखी रचना केसपुटकापासून उद्भवणाऱ्या ट्रायकोएपिथेलिओमा या सौम्य गाठीत आढळते. अंतस्त्वचेतील डर्मॅटोफायब्रोमा ही निरुपद्रवी गाठ आणि डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स हे खोलवर पसरणारे अर्बुद यांतही गल्लत होऊ शकते.

चुकीच्या निदानाचे परिणाम दोन्ही बाजूंनी गंभीर असतात. मेलॅनोमाला तीळ समजल्यास तो लसीका ग्रंथींत, फुप्फुसांत किंवा मेंदूत पसरेपर्यंत लक्षात येत नाही. तिळाला मेलॅनोमा समजल्यास रुग्णावर, पुष्कळदा लहान मुलावर, अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया होते आणि कर्करोगाची भीती त्याला आयुष्यभर वागवावी लागते.

ही अडचण अनुभवी तज्ज्ञांनाही जाणवते. २०१७ मध्ये जोअन एल्मोर व सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतील १० राज्यांतील १८७ विकृतिवैज्ञानिकांनी रंजकपेशींच्या एकूण २४० गाठींपैकी काही गाठी तपासल्या होत्या. साध्या तिळांच्या गटात त्यांचे निदान तज्ज्ञमंडळाच्या निदानाशी ९२ टक्के वेळा जुळले आणि स्पष्टपणे पसरलेल्या मेलॅनोमात ७२ टक्के वेळा जुळले. मधल्या तीन गटांत मात्र हे प्रमाण २५ ते ४३ टक्के एवढेच होते. चिन्हकांचा खरा उपयोग याच मधल्या क्षेत्रात अपेक्षित असतो.

== इतिहास ==

अमेरिकन विकृतिवैज्ञानिक सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये लहान मुलांमधील १३ गाठींचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी मेलॅनोमासारख्या दिसत, तरीही त्यांपैकी बहुतेक मुले पुढे निरोगी राहिली. एका रुग्णाचा मात्र मृत्यू झाला. या गाठींना आज स्पिट्झ तीळ म्हणतात. केवळ पेशींच्या रूपावरून गाठीच्या वर्तनाचे भाकीत करणे किती कठीण असते, याचे हे अभिजात उदाहरण मानले जाते.

प्रतिपिंडांना रंग जोडून ऊतकातील प्रतिजन शोधण्याची कल्पना हार्वर्ड विद्यापीठातील अल्बर्ट कून्स व सहकाऱ्यांनी १९४१ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. त्यांनी प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडले होते. १९६० च्या दशकात रंगद्रव्याऐवजी विकर जोडण्याची पद्धत निघाली. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल असा टिकाऊ रंग मिळू लागला. १९७५ मध्ये जॉर्ज कोलर व सेझार मिल्स्टाइन यांनी केंब्रिज येथे एकाच प्रकारची प्रतिपिंडे अमर्याद प्रमाणात तयार करण्याचे तंत्र शोधले. या कार्यासाठी त्यांना १९८४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले. १९९१ मध्ये फॉर्मालिनमुळे झाकले गेलेले प्रतिजन उष्णतेने पुन्हा मोकळे करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून वर्षानुवर्षे मेणात जतन केलेल्या ऊतकावरही ही तपासणी करता येऊ लागली.

== तपासणीची पद्धत ==

शस्त्रक्रियेने काढलेला त्वचेचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून नंतर मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. या ठोकळ्याचे सुमारे ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे काप काचपट्टीवर घेतले जातात. पुढील टप्पे असे :

# काप विशिष्ट द्रावणात तापवून प्रतिजन मोकळे केले जातात.
# हव्या त्या प्रथिनाविरुद्धचे पहिले प्रतिपिंड कापावर टाकले जाते. ते प्रथिन पेशीत असेल तेथेच प्रतिपिंड चिकटते.
# पहिल्या प्रतिपिंडाला ओळखणारे आणि विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड टाकले जाते.
# विकराच्या क्रियेने रंगहीन रसायनाचे रंगीत रसायनात रूपांतर होते. डायअमिनोबेंझिडीन हे रसायन वापरल्यास तपकिरी रंग उमटतो.
# पेशींची केंद्रके हिमॅटॉक्सिलिनने निळी रंगवून काप तपासला जातो.

रंग आला किंवा नाही, एवढेच पाहून चालत नाही. तो केंद्रकात, पेशीद्रव्यात किंवा पेशीपटलावर यांपैकी कोठे आला, किती पेशींत आला आणि गाठीच्या वरच्या व खालच्या भागांत त्याची वाटणी कशी आहे, हे नोंदवावे लागते. प्रत्येक वेळी ज्ञात सकारात्मक व नकारात्मक ऊतकही बरोबर तपासतात. गाठीशेजारच्या निरोगी पेशींचाही आधार घेता येतो. उदाहरणार्थ, एस-१०० या चिन्हकाचा रंग त्वचेतील मज्जातंतूंवर उमटला नसेल, तर तपासणीच सदोष आहे असे समजतात.

=== गडद त्वचेतील अडचण ===

मेलॅनिन हे त्वचेतील नैसर्गिक रंजकद्रव्यही तपकिरी असते. त्यामुळे रंजकाने भरलेल्या गाठीत तपकिरी रंग प्रतिपिंडाचा की मेलॅनिनचा, असा संभ्रम होतो. अशा वेळी लाल रंग देणारे रसायन वापरतात, मेलॅनिन आधी विरंजनाने काढून टाकतात किंवा जिम्सा रंजनाने त्याला वेगळी छटा देतात. भारतीयांसारख्या गडद त्वचेच्या लोकांच्या नमुन्यांत ही काळजी विशेष महत्त्वाची ठरते.

== चिन्हकांचे दोन प्रकार ==

त्वचेच्या अर्बुदांतील चिन्हके दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. या दोन प्रश्नांची गल्लत हे चुकीच्या निष्कर्षाचे एक नेहमीचे कारण आहे.

पहिला प्रश्न 'ही पेशी कोणत्या कुळातील आहे?' हा होय. त्याचे उत्तर देणाऱ्या चिन्हकांना वंशदर्शक चिन्हके म्हणता येईल. एस-१००, सॉक्स-१० आणि मेलॅन-ए ही रंजकपेशींची वंशदर्शक चिन्हके आहेत. ती तिळातही सकारात्मक असतात व मेलॅनोमातही. म्हणून अहवालात 'मेलॅन-ए सकारात्मक' असे लिहिले असल्यास त्याचा अर्थ 'कर्करोग आहे' असा होत नाही.

दुसरा प्रश्न 'ही पेशी सौम्य आहे की मारक?' हा होय. पीआरएएमई, पी-१६ आणि की-६७ यांसारखी चिन्हके या प्रश्नाकडे निर्देश करतात. परंतु त्यांचे उत्तरही संभाव्यतेच्या भाषेतच असते.

== तीळ आणि मेलॅनोमा ==

=== वंशदर्शक चिन्हके ===

'''एस-१००''' हे प्रथिन १९६५ मध्ये गायीच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले. अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. रंजकपेशींच्या बहुतेक सर्व अर्बुदांत ते आढळते. मात्र मज्जातंतूंच्या गाठींत व इतर काही पेशींतही ते असते. '''सॉक्स-१०''' हे केंद्रकातील प्रथिन तुलनेने अधिक नेमके आहे. तंतुमय, म्हणजे डेस्मोप्लास्टिक, मेलॅनोमा हा जुन्या जखमेच्या व्रणासारखा दिसतो आणि त्यात मेलॅन-ए व एचएमबी-४५ ही चिन्हके बहुधा नकारात्मक असतात. तेथे सॉक्स-१० विशेष उपयोगी पडते.

=== एचएमबी-४५ ===

१९८६ मध्ये वर्णिलेले हे प्रतिपिंड रंजककणांच्या घडणीशी संबंधित जीपी-१०० या प्रथिनाला चिकटते. साध्या तिळात त्याचा रंग वरच्या थरात ठळक असतो आणि खोल जावे तसा तो मावळत जातो. तिळाच्या पेशी खोलवर जाताना 'परिपक्व' होतात, याचे हे लक्षण समजतात. मेलॅनोमात ही उतरण नाहीशी होते आणि रंग खालपर्यंत अनियमितपणे विखुरलेला दिसतो. या नियमाला अपवाद आहेत. निळा तीळ ही गाठ सौम्य असूनही एचएमबी-४५ चा रंग तिच्यात सर्वत्र दिसतो.

=== की-६७ ===

विभाजनाच्या मार्गावर असलेल्या पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन आढळते. १९८३ मध्ये त्याचा शोध जर्मनीतील कील या शहरात लागला. नावातील 'की' हे कील शहराचे व ६७ हा मूळ पेशीसमूहाचा क्रमांक आहे. तिळाच्या खोल भागात फारच थोड्या पेशी की-६७ दर्शवितात, तर मेलॅनोमात त्यांचे प्रमाण वाढते व त्या ठिकठिकाणी पुंजक्याने दिसतात. गाठीत शिरलेल्या लसीकापेशीही विभाजन पावत असल्याने त्या चुकून मोजल्या जाऊ शकतात. हे टाळण्यासाठी एकाच कापावर मेलॅन-ए व की-६७ यांचे दुहेरी रंजन करतात.

=== पी-१६ ===

सीडीकेएन-२-ए या जनुकापासून तयार होणारे हे प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालते. अनेक मेलॅनोमांत हे जनुक नष्ट झालेले असते व पी-१६ चा रंग पूर्णपणे नाहीसा होतो. साध्या तिळांत आणि बहुतेक स्पिट्झ तिळांत तो टिकून असतो, पुष्कळदा काही पेशींत गडद व काहींत फिका अशा संमिश्र स्वरूपात. रंग टिकून असणे ही मात्र सौम्यतेची हमी नव्हे, कारण बऱ्याच मेलॅनोमांतही पी-१६ शिल्लक राहते.

=== पीआरएएमई ===

१९९७ मध्ये एका मेलॅनोमाग्रस्त रुग्णाच्या टी-लसीकापेशींनी ओळखलेले प्रतिजन म्हणून पीआरएएमई प्रथम वर्णिले गेले. निरोगी प्रौढ ऊतकांपैकी मुख्यतः वृषणात ते आढळते. २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील सेसिलिया लेस्कानो व सहकाऱ्यांनी ४०० गाठींवरील अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यानंतर या चिन्हकाचा नित्याच्या निदानात झपाट्याने प्रसार झाला. त्या अभ्यासात त्वचेतील मूळ मेलॅनोमांपैकी ८३.२ टक्के आणि इतरत्र पसरलेल्या मेलॅनोमांपैकी ८७ टक्के गाठींत केंद्रकांवर सर्वदूर रंग आढळला. तिळांपैकी ८६.४ टक्के पूर्णपणे नकारात्मक होते, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत थोड्याच पेशी रंगल्या होत्या. म्हणून ७५ टक्क्यांहून अधिक पेशींत रंग आला तरच तो मेलॅनोमाला पोषक मानण्याची पद्धत रूढ झाली.

प्रकारानुसार या आकड्यांत मोठा फरक पडतो. तळहात व तळपाय यांवरील मेलॅनोमात सर्वदूर रंगाचे प्रमाण ९४.४ टक्के होते, तर तंतुमय मेलॅनोमात ते केवळ ३५ टक्के होते. म्हणजे तंतुमय प्रकारात पीआरएएमई नकारात्मक आले तरी कर्करोग नाकारता येत नाही. भारतात मेलॅनोमाचे एकूण प्रमाण गोऱ्या लोकसंख्येच्या तुलनेत बरेच कमी आहे. परंतु आढळणाऱ्या रुग्णांत तळपायासारख्या जागांवरील प्रकाराचा वाटा मोठा असतो. त्या दृष्टीने येथे हे चिन्हक उपयुक्त आहे.

लसीका ग्रंथींत कधीकधी तिळाच्या निरुपद्रवी पेशी मुळातच असतात. मेलॅनोमाच्या रुग्णात अशा पेशी दिसल्यास कर्करोग पसरला असा समज होण्याचा धोका असतो. तेथेही पीआरएएमई साहाय्यक ठरते, कारण या निरुपद्रवी पेशी सामान्यतः नकारात्मक असतात.

=== उत्परिवर्तनांशी निगडित चिन्हके ===

बीआरएएफ जनुकातील व्ही-६००-ई हे उत्परिवर्तन विशिष्ट प्रतिपिंडाने ओळखता येते. मेलॅनोमात ते वारंवार आढळते, परंतु बहुसंख्य साध्या तिळांतही ते असते. त्यामुळे औषधयोजना ठरविण्यासाठी ते मोलाचे असले, तरी सौम्य-मारक भेदासाठी उपयोगाचे नाही. बीएपी-१ या प्रथिनाचा केंद्रकातील रंग नाहीसा होणे हे एका विशिष्ट प्रकारच्या गाठीचे लक्षण आहे. या गाठी बहुतांशी सौम्य असतात. मात्र त्या अनेक असल्यास जन्मजात उत्परिवर्तनाची शंका घ्यावी लागते, कारण अशा कुटुंबांत डोळ्यातील मेलॅनोमा व मेसोथेलिओमा यांचा धोका वाढलेला असतो.

== इतर अर्बुदे ==

रंजकपेशींखेरीज इतर गाठींतही चिन्हकांच्या जोड्या वापरल्या जातात.

{| class="wikitable"
! सौम्य गाठ !! तिच्यासारखे दिसणारे मारक अर्बुद !! भेदास मदत करणारी चिन्हके
|-
| ट्रायकोएपिथेलिओमा || आधारपेशी कर्करोग || पहिल्यात सीके-२० दर्शविणाऱ्या मर्केल पेशी विखुरलेल्या असतात व सीडी-१० भोवतालच्या ऊतकात दिसते. दुसऱ्यात मर्केल पेशी बहुधा नसतात व सीडी-१० गाठीच्या पेशींतच दिसते
|-
| डर्मॅटोफायब्रोमा || डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स || पहिल्यात फॅक्टर-१३-ए सकारात्मक व सीडी-३४ नकारात्मक. दुसऱ्यात बहुधा याच्या उलट
|-
| रक्तवाहिन्यांच्या सौम्य गाठी || कापोसी सार्कोमा || मानवी हर्पीस विषाणू-८ चे प्रथिन केवळ दुसऱ्यात
|-
| किरणोपचारानंतरच्या असामान्य रक्तवाहिन्या || अँजिओसार्कोमा || एमवायसी प्रथिन दुसऱ्यात सकारात्मक
|}

कापोसी सार्कोमाचे चिन्हक या यादीत विशेष भरवशाचे आहे, कारण ते रोगाला कारणीभूत असलेल्या विषाणूचेच प्रथिन आहे. हा विषाणू १९९४ मध्ये युआन चांग व पॅट्रिक मूर यांनी शोधला. याउलट केराटोअॅकँथोमा आणि शल्कपेशी कर्करोग यांत निश्चित भेद करणारे चिन्हक उपलब्ध नाही. तेथे गाठीची संपूर्ण रचना पाहण्यावरच भर द्यावा लागतो.

== लसीकापेशींचे स्थान ==

शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेतील पेशी गाठीभोवती जमल्या आहेत, एवढ्यावरून गाठ मारक ठरत नाही. वलयांकित तिळात लसीकापेशी तिळावर दाट गर्दी करतात, त्याभोवती पांढरे वलय उमटते आणि कालांतराने तीळ नाहीसाही होतो. तरीही तो सौम्यच असतो. मेलॅनोमातही लसीकापेशी शिरतात आणि तेथे त्यांचे प्रमाण रोगाच्या पुढील वाटचालीशी निगडित असते. पीडी-एल-१ हे चिन्हक प्रतिरक्षा-उपचारांच्या संदर्भात तपासले जाते. तीळ व मेलॅनोमा यांतील भेदासाठी ते वापरत नाहीत.

रक्तातील एस-१००-बी या प्रथिनाची पातळी काही देशांत मेलॅनोमाच्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी मोजतात. परंतु एखादा तीळ सौम्य आहे की मारक, हे सांगणारी रक्ततपासणी नाही. त्यासाठी गाठीचे ऊतकच तपासावे लागते.

== मर्यादा ==

चिन्हकाचा निष्कर्ष ज्या गाठीवर तपासणी केली तिच्या पूर्वसंभाव्यतेवर अवलंबून असतो. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, एखादे चिन्हक १०० मेलॅनोमांपैकी ८५ ओळखते आणि १०० तिळांपैकी केवळ २ तिळांत चुकीने सकारात्मक येते. आता १,००० गाठी सरसकट तपासल्या आणि त्यांत २० मेलॅनोमा असले, तर १७ मेलॅनोमा सकारात्मक येतील व ३ निसटतील. त्याच वेळी ९८० तिळांपैकी सुमारे २० तीळही सकारात्मक येतील. म्हणजे एकूण ३७ सकारात्मक गाठींपैकी निम्म्याहून अधिक सौम्य असतील. म्हणूनच उत्तम चिन्हकही सर्व तिळांवर सरसकट वापरत नाहीत. ज्यांच्या रचनेत आधीच शंका आहे अशा गाठींपुरतेच ते वापरले जाते.

नमुन्याचा दर्जाही महत्त्वाचा असतो. ऊतक फॉर्मालिनमध्ये फार कमी किंवा फार जास्त काळ राहिल्यास रंजन बिघडते. गाठीचा केवळ वरचा पापुद्रा काढला असल्यास एचएमबी-४५ किंवा की-६७ यांची वरून खाली होणारी वाटणी पाहताच येत नाही. तीळ जाळून किंवा लेझरने नष्ट केल्यास तपासणीसाठी ऊतक उरत नाही.

याशिवाय सर्वच गाठी 'सौम्य' व 'मारक' अशा दोन कप्प्यांत बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात दोहोंच्या मधल्या काही गाठींसाठी मेलॅनोसायटोमा ही संज्ञा स्वीकारण्यात आली. अशा गाठींत चिन्हकांचे निकालही परस्परविरोधी येऊ शकतात. तेव्हा गुणसूत्रांतील बदल शोधणाऱ्या फिश यासारख्या तपासण्या, जनुकीय क्रमनिर्धारण आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत यांचा आधार घेतला जातो. तरीही शंका राहिल्यास अहवालात ती स्पष्टपणे नमूद केली जाते आणि गाठ पूर्णपणे काढून रुग्णाचा पाठपुरावा केला जातो.

== हे सुद्धा पहा ==

* मेलॅनोमा
* त्वचेचा कर्करोग
* प्रतिपिंड
* बायोप्सी
* विकृतिविज्ञान